आधी भ्या काढायचं

भानुदास माणसाच्या तोंडाकडं कधी बघायचाच नाही, बघायचा तो कोपराच्या आतल्या बाजूला. कुणाची नवी ओळख करून द्यावी, तर समोरचा नमस्कार म्हणेपर्यंत याची बोटं त्याच्या हातावर फिरायला लागलेली. "शीर बघू," म्हणायचा, आणि मनासारखी सापडली की खूश. "काय शीर हाय राव! डोळे झाकून घ्यावी!" गुलमंडीवरच्या एका भजेवाल्याच्या हाताचं त्यानं एकदा इतकं कौतुक केलं, की त्या बिचाऱ्यानं बाही खाली ओढून घेतली. "मियाँ, भजी लेनी है तो लो," तो म्हणाला, "हाथ नहीं बेचता मैं."

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही विद्यापीठात मेडिकल लॅबचं शिकत होतो. रक्त-लघवी तपासायची, जंतू ओळखायचे, पुढं कुठल्यातरी दवाखान्यात चिकटायचं. वर्गातले बहुतेक जण डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून आलेले. मीही त्यातलाच. सगळ्यांची तोंडं सुतकी! हौसेनं आलेला असा एकटा भानुदास. पैठणकडचा धनगराचा पोरगा. त्याच्या घोंगडीचा वास येतो म्हणून हॉस्टेलातले नाकं मुरडायचे, आणि थंडी पडली की तीच मागायला त्याच्या दारात उभे.

रक्त काढायच्या प्रॅक्टिकलला हजेरीप्रमाणं जोड्या लावल्या आणि हा माझ्या गळ्यात पडला. म्हटलं, मेलो आता. पठ्ठ्यानं सुई उचललीच नाही. आधी माझ्या पाठीवर तळवा ठेवला आणि घशातून हळू आवाज काढायला लागला, "हुर्रऽऽ, हुर्रऽऽ." अख्खा वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

"अरे, मी काय मेंढरू आहे का?"

"तसंच समज. मेंढरू सुईनं नाय हालत, भ्यानं हालतं. आधी भ्या काढायचं, मंग रगत."

मी त्याला ठेवणीतल्या शिव्या द्यायला सुरुवात केली. त्या संपायच्या आत काचेच्या सिरिंजमध्ये माझं रक्त आलेलंसुद्धा होतं. सुई कधी गेली, मला पत्ता नाही. प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमही हसल्या. "भानुदास, परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. त्यांच्यापुढं हे हुर्र नको हं."

"नाय मॅडम," तो म्हणाला. आणि परीक्षेत अर्थातच केलं.

एकदा चहाच्या गाड्यावर मी त्याला विचारलं, बाबा रे, हा शिरांचा नाद तुला लागला कुठून? तेव्हा कुठं बोलला. त्याची आई पांढरीफटक पडत चालली होती. मेंढरांमागं जरा चढ चढली की धाप लागायची. गावच्या कंपाउंडरनं तिच्या दोन्ही हातांना भोसकून ठेवलं, शीर काही सापडली नाही, आणि वर तिलाच झापलं. तेव्हापासून म्हातारीचं एकच, सुई नको, जाईन तशी जाईन.

"रगत तपासल्याबिगर दवा कशाची द्यायची?" भानुदास म्हणाला. "दुसऱ्या कुणाला ती हात देणार नाय. म्हणून तर आलोय हितं."

शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची मेंढरं मुकुंदवाडीच्या पुढं एका शेतात खतासाठी बसवली होती. तिथून तो आईला घेऊन आला. मॅडमनी लॅब उघडून दिली. काटकुळी बाई, कोपरापर्यंत चांदीची जाड कडी चढवलेली, नखं चुन्यासारखी. स्टुलावर बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, "माझा भान्या घेनार असंल तरच. न्हाईतर ही चालले."

भानुदासनं कडी मनगटाकडं सरकवली, रबरी पट्टा बांधला, शीर शोधली. सुई उचलली आणि तिथंच थांबला. साऱ्या औरंगाबादच्या शिरा चाचपून झालेला गडी! "शीर हाय. दिसतीया," एवढंच म्हणत राहिला. मग डोळे भरले आणि सुई माझ्यापुढं धरली. "तू घे."

चुकलो तर म्हातारी उठून जाणार आणि जन्मात परत हात देणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं पाहिलं.

"घे बाबा," मला म्हणाली.

तिच्या रक्तात लोह अगदीच कमी निघालं, गोळ्यांवर ती पुन्हा ठणठणीत झाली आणि कैक वर्षं मेंढरांमागं चालली, ते सगळं नंतरचं. अजूनही कुणी माझ्यासमोर बाही सरकवली, की मला ती दुपार आठवते.

मी सुई घातली आणि कानावर आलं, "हुर्रऽऽ, हुर्रऽऽ." वाटलं, चला, भानुदास सावरला. मान वर केली, तर तो भिंतीकडं तोंड करून आईशेजारी उभा, डोळे गच्च मिटलेले. आवाज म्हातारीचा होता. मोकळा हात तिनं लेकाच्या पाठीवर ठेवला होता आणि माझ्या सुईकडं तिचं लक्षच नव्हतं.

"हुर्रऽऽ. झालं रं बाळा," ती म्हणत होती, "भिऊ नगं. झालं."