नुसती बॉडी

पहिला डीएसएलआर कॅमेरा कसा निवडावा, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! तीन आठवडे अभ्यास केला होता मी. सात मॉडेलांचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता आणि त्याच्या तळाशी लाल पेनाने माझा खास नियम लिहिला होता: दुकानदार आग्रहाने देईल ते घ्यायचं नाही!

कारणही तसंच होतं. बाबा चौतीस वर्षं एकाच लेथ मशीनवर काम करून निवृत्त होत होते. त्या मशीनशेजारी त्यांचा एक झकास, हसरा फोटो मला हवा होता. बाबा फोटोत हसतच नाहीत. स्वतःच्या लग्नातसुद्धा ते ओळखपत्राचा फोटो काढायला आल्यासारखे उभे आहेत!

"अहो, फोनवर काढू की," बायको म्हणाली.

"फोनवर? चौतीस वर्षांच्या नोकरीचा फोटो?" मी उसळलोच.

निरोपाच्या दिवशी सकाळीच दुकान गाठलं. किंमत ऐकून माझा चेहरा पडला. दुकानदाराला दया आली असावी.

"नुसती बॉडी घेतलीत तर बसेल तुमच्या बजेटमध्ये."

नुसती बॉडी म्हणजे बॅग, स्टँड, पुसायचा रुमाल असले लाड वगळून, हे मी चटकन ओळखलं. "द्या!"

"आणि लेन्स?"

आला! आग्रह आला! "नको."

"अहो साहेब, लेन्स लागेल."

"सगळ्यांना हेच सांगत असाल!"

"म्हणजे घरी आहे का तुमच्याकडे?"

"घरी सगळं आहे!" मी ठणकावलं. बिचारा बिल करायला लागला. खोकं उघडून दाखवतो म्हणाला, तेही मी उघडू दिलं नाही. उगाच अजून काहीतरी गळ्यात मारायचा!

कारखान्यात बाबांचं मशीन पुसून लख्ख केलेलं होतं. चाळीस कामगार तीन रांगांत उभे. काहींनी फोन काढले तसा मी ओरडलो, "फोन खिशात! आज खरा कॅमेरा आलाय!"

बाबा ताठ झाले. ओठ मिटलेले. मी ऐटीत खोकं उघडलं, कॅमेरा काढला, पुढचं झाकण फिरवून काढलं आणि बघतो तर काय, लेन्सच्या जागी वाटीएवढं भोक!

मी भोकात डोकावलो. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. माझे कान तापले.

"आण इकडे," बाबा म्हणाले. आयुष्यभर यंत्रं हाताळलेला माणूस, त्यांना दोन सेकंद पुरले.

"अरे, कापायचं टूल न लावताच लेथ घेऊन आलास!"

आणि बाबा हसले! पोट धरून, मशीनला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले! तेवढ्यात सोबत आलेल्या बायकोने गुपचूप फोन काढून काम उरकलं होतं.

तो फोटो आता बैठकीच्या खोलीत लावलाय. बाबा खदखदून हसताहेत आणि शेजारी मी झाकण हातात धरून उभा. इतका सुंदर फोटो आमच्या घरात दुसरा नाही, हे मी मनापासून सांगतो. "कुठल्या कॅमेऱ्याने काढला?" असं पाहुणे विचारतात, तेव्हा मी छाती फुगवून म्हणतो, "माझ्या नव्या कॅमेऱ्यामुळे निघाला!" यात खोटं काय आहे?

सध्या फ्रिजवर लेन्सचा तक्ता लागलाय. त्याच्याही तळाशी मी लिहिलेली लाल ओळ बाबांनी खोडली आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: दुकानात मी सोबत येणार!