धाकटीचा फोटो

पक्ष्यांचे फोटो काढण्यात उभी हयात घालवलेले फोटोग्राफर आपली लेन्स स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बसले होते. काट्याने एकदा आकडा दाखवला आणि कायमचे डोळे मिटले.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "पीठ मोजायचा काटा होता तो."

त्या अवजड लेन्सला घरात थोरली म्हणत. म्हणजे बायको धाकटी, हे ओघानेच आले. थोरलीला पेलता पेलता फोटोग्राफरांचे मनगट कामातून गेले होते. हलकी लेन्स घ्या नाहीतर कॅमेरा सोडा, असे डॉक्टरांनी सरळ सांगितले होते. आता कॅमेरा सोडून हा माणूस करणार काय? घरातले एक काम येत असेल तर शपथ.

दोघे दुकानात गेली. फोटोग्राफरांनी एकेक लेन्स कॅमेऱ्याला लावून तोलली आणि नाक मुरडले. एक हलकी, पण तोंडाकडे झुकते. दुसरीची रिंग उलटी फिरते. तिसरी हातातून निसटते. शेवटी दुकानदाराने वैतागून डबीएवढी एक लेन्स पुढे केली.

"काका, हिचं वजन जाणवणारच नाही. काकूंचाच फोटो काढून बघा."

फोटोग्राफरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बायकोने पिशवी खाली ठेवली, केस सारखे केले आणि ती उलट्या पावली मागे निघाली. कॅमेऱ्याचे एक स्टँड पडले, त्याने शेजारचे पाडले, त्याने जाहिरातीचा फलक खाली आणला. बाई थांबायला तयार नाहीत. पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला, एका सायकलवाल्याची बोलणी खाल्ली आणि समोरच्या लाँड्रीपाशी उभ्या राहून त्यांनी हात वर केला.

"काकू रागावल्या का?" दुकानदाराने विचारले.

"नाही. फोटोला उभी राहिलीये."

थोरलीला जवळचे दिसत नसे आणि ती उतरवायचा फोटोग्राफरांना कंटाळा. लग्नापासून ते बायकोला मागे हो, अजून मागे हो, एवढेच सांगत आले होते. आता सांगावेही लागत नव्हते. त्यांना फार वाईट वाटले.

"अगं, ये इकडे," त्यांनी दारातून हाक मारली. "ही जवळून काढते."

बायको आली. "किती जवळ?"

"अजून ये."

ती हातभर अंतरावर थांबली. तिच्या भुवईपाशी एक बारीक खूण होती. ती कधी पडली, हे फोटोग्राफरांना माहीत नव्हते. पक्ष्याचे एक पीस गळाले तरी त्यांना समजायचे.

"अशी लेन्स आधी मिळत नव्हती का हो?" बायकोने साधेच विचारले.

"काकू, ही तर सगळ्यात जुनी," दुकानदार स्टँड उचलत म्हणाला. "पूर्वी कॅमेऱ्याबरोबरच यायची. काकांच्या खोक्यात असेल बघा अजून."

फोटोग्राफरांनी बटण दाबले. फोटो हलला. पुन्हा दाबले, पुन्हा हलला.

"काय झालं?" बायकोने विचारले.

लेन्स इतकी हलकी होती, की दोष मनगटावर ढकलायचीही सोय नव्हती.