टोमॅटोची पंचेचाळीस मिनिटं

वेळेच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. चौतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. त्यामुळे प्रौढांच्या संध्याकाळच्या कॉलेजात प्रवेशासाठी पंचेचाळीस मिनिटांत एक निबंध लिहून दाखवावा लागतो, हे वाचलं तेव्हा मी म्हटलं, निबंधाचं मागाहून बघू, पंचेचाळीस मिनिटं तर आपल्या घरचीच आहेत.

हे वाचलं ते बायकोच्या कपाटात. ती जाऊन चार महिने झाले होते आणि मी तिचा खण पहिल्यांदाच उघडला होता. आत प्रवेशाचा अर्ज होता, माझ्या नावाचा. आठवीत सुटलेली शाळा, वय, धंदा, सगळं तिच्या अक्षरात भरलेलं. फक्त सहीची जागा मोकळी. लग्न झाल्यापासून ती म्हणायची, "तुम्ही शिकायला हवं होतं." मी म्हणायचो, "उद्या बघू." आता उद्या म्हणायलाही समोर कुणी नव्हतं. मी सही केली.

अर्ज द्यायला कॉलेजात गेलो, तर रांगेत माझ्या पुढे आमच्या शेजारच्या दुकानातला शिंपी उभा.

या माणसाविषयी थोडं सांगायला हवं. साठीला आला तरी याच्या डोक्यावर सगळे केस आहेत. एकटा राहतो, बोलतो गोड. माझी बायको याच्याकडे कपडे शिवायला टाकायची आणि एकेका बाहीसाठी तीन-तीन चकरा मारायची. मी एकदा विचारलं होतं, "एका बाहीत एवढं काय असतं?" ती म्हणाली होती, "मास्तर ऐकून घेतात हो माझं." त्या दिवसापासून मला त्याच्या शिलाई यंत्राचा आवाजसुद्धा सहन होत नाही.

"अरे, घड्याळवाले!" तो म्हणाला. "तुम्हीपण?"

मी उत्तर देणार, एवढ्यात माझी नजर त्याच्या हातातल्या अर्जाकडे गेली. त्यावरचं अक्षर माझ्या बायकोचं होतं.

तोच गोल 'व', तीच लांब वेलांटी. अर्जांचे क्रमांकही लागून. त्याचा एक्केचाळीस, माझा बेचाळीस. म्हणजे आधी त्याचा भरला होता! मला विचारायचं होतं की बाबा रे, हे काय? पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते नको होतं. मी नुसतं म्हटलं, "जागा बाराच आहेत, मास्तर."

"मग आपल्याला दोन पुरे," तो म्हणाला.

मला एकच पुरे होती.

तयारी सुरू झाली. माझी लेक शाळेत शिकवते, दोन गल्ल्या सोडून राहते. मी निबंध लिहून तिच्याकडे तपासायला न्यायचो. पहिल्याच आठवड्यात गेलो, तर टेबलावर आधीच एक निबंध तपासून ठेवलेला.

"हा कुणाचा?"

"शिंपीकाकांचा. बघा बाबा, त्यांनी काय छान पद्धत काढली आहे. ते म्हणतात, निबंध म्हणजे सदरा. आधी माप घ्यायचं. मग पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या, शेवटी कॉलर. सगळं टाचून झालं की मग पक्की शिलाई."

"आणि गुंड्या?"

"ती विरामचिन्हं."

ती हसत होती. आई गेल्यापासून मी तिला इतकी हसताना पाहिली नव्हती, आणि हसवलं कुणी, तर त्यानं! मी घरी आलो आणि माझी पद्धत काढली. निबंध म्हणजे घड्याळ. आधी सगळे भाग सुटे करून कागदावर मांडायचे, पुसून घ्यायचे आणि एकेक करून बसवायचे. तीन दिवस घाम गाळून निबंध जोडला, लेकीकडे नेला.

"बाबा, सगळं आहे यात," ती म्हणाली. "पण सुरुवात शेवटी बसवली आहे. आणि हा एक परिच्छेद कुठलाच नाही."

दुरुस्ती करताना एखादं चाक उरतं कधीकधी. घड्याळ तरीही चालतं. निबंधाचं तसं नसतं म्हणे.

पण एका गोष्टीत शिंपी माझ्या पासंगालाही पुरत नव्हता. वेळेत! त्याची पंचेचाळीस मिनिटांत जेमतेम अडीच पानं व्हायची. माझी चार! रोज चार! पूर्णविराम द्यायचा अवकाश की घंटा वाजायची.

घंटा कसली, तर बायकोच्या स्वयंपाकघरातल्या टायमरची. टोमॅटोच्या आकाराचा, चावीचा. हवी तेवढी मिनिटं लावायची आणि ठेवून द्यायचा. टिकटिक करतो आणि वेळ संपली की खणखणतो. मी स्वतः मनगटी घड्याळ वापरत नाही. दिवसभर लोकांच्या वेळा बघून वीट येतो. दुकानात भिंतभर घड्याळं आहेत, पण सगळी दुरुस्तीला आलेली, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. म्हणून टोमॅटो. शिवाय बायको गेल्यापासून स्वयंपाकघरातून आवाज म्हणून येत नव्हता. त्याची टिकटिक सुरू झाली की पलीकडे कुणीतरी आहे असं वाटायचं. टोमॅटोवरचा रंग तिच्या बोटांनी घासून गेला होता. आकड्यांपाशी नेलपॉलिशचे चार-पाच ठिपकेही होते. बायकांना प्रत्येक वस्तू सजवायची हौस असते.

माझ्या चार पानांची बातमी मी शिंप्याला स्वतः जाऊन दिली. त्याचा चेहरा उसवलेल्या शिलाईसारखा झाला. "चार?" तो म्हणाला. "मग माझं काही खरं नाही. मी नाव काढून घेतो." मी त्याला फार थांबवलं नाही. पण लेकीला कळलं आणि ती माझ्यावर उखडली. रविवारी शिंप्याला आमच्याच टेबलावर बोलावून तिनं आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. विषय दिला आणि ती बाजारात निघून गेली.

मी टोमॅटो पंचेचाळिसावर लावला. शिंप्यानं त्याचं मनगटी घड्याळ काढून समोर ठेवलं. लिहू लागलो. काही वेळानं त्यानं पेन खाली ठेवलं.

"संपली वेळ."

मी टोमॅटोकडे बघितलं. "अजून नऊ मिनिटं आहेत."

"माझ्या घड्याळात पंचेचाळीस झाली."

"मास्तर," मी म्हटलं, "कापडाचं मी तुम्हाला सांगतो का? मग घड्याळाचं तुम्ही मला सांगू नका. तुमचं घड्याळ पुढे पळतंय. ठेवा इथे, बघतो."

बिचाऱ्यानं दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात भिंग लावून मी ते उघडलं. काही दोष नाही! दिवसभर लावून बघितलं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या हातात आलं की घड्याळं आपोआप सुधारतात, असा माझा अनुभव आहे. तरी दोन दिवस तेल-पाण्याला लागतील म्हणून मी ते खणात ठेवलं. परीक्षेपर्यंत ते तिथेच राहिलं, यात माझा काही हेतू होता असं कुणी म्हणू नये.

पण झालं उलटंच. घड्याळ नाही म्हणून लेकीनं शिंप्याला रोज संध्याकाळी माझ्याकडे सरावाला बसवलं. टोमॅटो मध्ये, आम्ही दोन बाजूंना. आणि शिंप्याची साडेतीन पानं होऊ लागली! म्हणजे माझ्या टायमरवर, माझ्या टेबलावर बसून हा माझ्याच बरोबरीला आला. वर जाताना म्हणायचा, "तुमच्या टोमॅटोत बरकत आहे हो."

परीक्षेच्या सूचनांत लिहिलं होतं, मोबाइल नको, घड्याळ चालेल. मी टोमॅटो पिशवीत घातला. क्रमांक लागून असल्यामुळे आमची बाकंही शेजारी. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते आमच्या पाठीमागे, आणि मागे वळून बघायला मनाई. टोमॅटोची टिकटिक सुरू होताच पर्यवेक्षक बाई आल्या.

"हे काय आहे?"

"घड्याळ."

"हा टोमॅटो आहे."

"आतून घड्याळ आहे. मी या धंद्यातलाच आहे, बाई."

"आवाज बंद करा, नाहीतर बाहेर ठेवा."

शिंप्यानं खिशातून अस्तराचा तुकडा काढला आणि टोमॅटोला असा गुंडाळला की नुसती तबकडी दिसावी. टिकटिक बंद! मी आभार मानले नाहीत. त्यालाही दिसावा म्हणूनच त्यानं ते केलं होतं.

बाईंनी फळ्यावर विषय लिहिला: 'उद्यावर ढकललेलं एक काम.'

मी टोमॅटो पुन्हा पंचेचाळिसावर लावला. विषय बघून खूश झालो. आपण काम ढकलतच नाही, हेच लिहायचं ठरवलं. चौतीस वर्षांत गिऱ्हाइकाला परत पाठवलं नाही, हे पहिल्या पानावर. दुसऱ्यावर घड्याळं, त्यांचे प्रकार. मध्येच बाई म्हणाल्या, "शेवटची दहा मिनिटं." टोमॅटोत सतरा होती. मी मनात हसलो. आमच्याकडेही भाजी चुलीवर असताना "वाढलंय, या" अशी हाक यायची. तिसऱ्या पानावर आलो. नुसती बढाई बरी दिसत नाही, एखादं तरी काम राहिल्याचं लिहावं म्हणून आठवू लागलो. आणि हातानं लिहिलं, 'घरातला टोमॅटोचा टायमर उशिरा वाजतो, जरा उघडून बघा, असं बायको मला कितीतरी वर्षं सांगत होती. तो मात्र'

तेवढ्यात घंटा झाली.

"पेनं खाली ठेवा."

"अजून नऊ मिनिटं आहेत," मी म्हटलं.

"अजून नऊ मिनिटं आहेत," शेजारून शिंपीही म्हणाला. माझ्या आयुष्यात तो माझ्या बाजूनं बोलला तो हा पहिलाच प्रसंग.

"वेळ संपली आहे," बाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो. "बाई, तुमचं घड्याळ पुढे आहे. उतरवून द्या, फुकट दुरुस्त करून देतो. मी चौतीस वर्षं—"

"भिंतीवरचं, माझ्या हातातलं आणि ऑफिसातलं, तिन्ही पुढे आहेत?"

"असू शकतात. यंत्रच आहे."

"वहिनींच्या टोमॅटोवर आम्ही महिनाभर लिहितोय, बाई," शिंपी म्हणाला. "तो चुकायचा नाही."

बाईंनी माझा कागद उचलला. त्यांची नजर शेवटच्या ओळीवर गेली. त्यांनी ती ओळ सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तो मात्र? तो मात्र काय?"

मी टोमॅटोकडे बघितलं. अस्तराच्या घडीतून तो माझ्याकडे बघत होता.

"तो मात्र... हाच," मी म्हटलं.

वर्ग असा हसला की बाईंनाही तोंड फिरवावं लागलं. आम्ही बाहेर पडून पायऱ्यांवर बसलो. थोड्या वेळानं माझ्या पिशवीत टोमॅटो खणखणला.

"माझं घड्याळ बरोबर होतं तर," शिंपी म्हणाला.

"होय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घड्याळाला माहीत होतं."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी विचारून टाकलं, "मास्तर, तुमचा अर्ज तिनं का भरला?"

त्यानं अस्तराची नीट घडी घातली. "वहिनी आजारात एकदा आल्या होत्या, रिक्षानं. कपडे नव्हते हातात, दोन अर्ज होते. म्हणाल्या, हे एकटे जायचे नाहीत. पण तुम्ही जाताय असं कळलं की धावत जातील. मी म्हटलं, वहिनी, मला या वयात कुठे शिकवताय? तर म्हणाल्या, मग शिकू नका, नुसते रांगेत त्यांच्या पुढे उभे राहा."

मी टोमॅटो पिशवीतून काढून मांडीवर घेतला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं."

तुम्हाला वाटेल, माझं मन भरून आलं असेल. आलंच. पण खरं सांगतो, त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला. माझ्या बायकोचं गुपित इतके महिने याच्या पोटात होतं आणि मला पत्ता नाही!

निकाल लागला. बारा जागा. शिंपी अकरावा, मी बारावा. त्याला पक्क्या शिलाईआधी कॉलरसुद्धा टाचून ठेवायची सवय, त्यामुळे त्याच्या निबंधाला शेवट तरी होता. माझा 'तो मात्र' वरच लोंबकळत राहिला.

त्या दिवशी लेक आली. अंडी उकडायला ठेवली आणि टोमॅटो हातात घेतला. दहा मिनिटं हवी होती, तिनं आठापाशी लावला.

"आठ का?"

"ठिपका आहे ना आईचा. आठावर लावला की दहा मिनिटांनी वाजतो. सोळावर वीस. तुम्ही म्हणालात की उद्या बघतो, म्हणून तिनं ठिपके लावून घेतले. तुम्हाला माहीत नव्हतं? इतकी वर्षं अंडी बरोबर कशी व्हायची वाटलं तुम्हाला?"

"मग तू सरावाच्या वेळी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही ठिपका बघूनच लावताय."

ती गेल्यावर मी भिंग लावून टोमॅटो बघितला. जुने ठिपके फिके पडलेले, कडा झिजलेल्या. एकच ठिपका ताजा होता, छत्तिसावर. छत्तीस आणि वर त्याचा पाव हिस्सा, म्हणजे नऊ, असा हिशेब मी तीनदा केला. छत्तिसाला लावला तर पंचेचाळीस मिनिटं. आमच्या घरात पंचेचाळीस मिनिटं शिजणारं काहीच नव्हतं.

चिमटा हातात घेतला होता. आत एक मऊ झालेली स्प्रिंग असणार, दहा मिनिटांचं काम. पण टोमॅटो सुधारला की ठिपके चुकणार. मी चिमटा ठेवून दिला.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं वर्गाला जातो. तो पहिल्या बाकावर बसतो, म्हणून मलाही बसावं लागतं. सहामाही जवळ आली आहे. सराव पुन्हा माझ्याच टेबलावर सुरू आहे. काल शिंपी म्हणाला, "घड्याळवाले, आता तरी तो टोमॅटो दुरुस्त करा."

"उद्या बघतो," मी म्हटलं, आणि त्याचं लक्ष नाही असं पाहून तो छत्तिसावर लावला.

ठिपक्यांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. माझंही एखादं गुपित असायला नको?