खुर्ची मिळणेबाबत

आमच्या कार्यालयात रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईंच्या खुर्चीचा पाय एका मंगळवारी दुपारी मोडला. ताईंच्या निवृत्तीला अकरा महिने होते; दोन्ही गुडघे मात्र त्याआधीच निवृत्त झाले होते.

जुने हेडक्लार्क असते तर चष्म्यावरून बघत म्हणाले असते, "ती कोपऱ्यातली घेऊन जा गं बाई, आणि मला काम करू दे." तसे दिवस होते ते. पण नवे साहेब नुकतेच तर्कशुद्ध विचाराचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. यापुढे प्रत्येक अर्जातला युक्तिवाद तपासला जाईल, असं त्यांनी फर्मान काढलं. त्यासाठी तिघांचा 'युक्तिवाद तपासणी कक्ष' स्थापन झाला. तिघांना बसायला कोपऱ्यातल्या तिन्ही खुर्च्या गेल्या.

मी तेव्हा टायपिस्ट. ताईंचा अर्ज मीच टाइप केला : 'खुर्ची मोडली आहे, सबब दुसरी मिळावी.'

तिसऱ्या दिवशी तो शेरा घेऊन परत आला. 'आधारविधान मान्य. निष्कर्ष त्यातून निघत नाही. काम करण्यासाठी बसावे लागते, हे गृहीत धरले आहे. सिद्ध करावे.'

"अहो, यात सिद्ध काय करायचंय?" ताई कक्षात जाऊन म्हणाल्या.

"तीन दिवस उभ्या आहात ना? काम थांबलं?" कक्षप्रमुखांनी विचारलं.

"नाही थांबलं."

"मग तुम्हीच तुमचं म्हणणं खोडलंत, ताई."

"उद्यापासून थांबवते!"

"तो मुद्दाम तयार केलेला पुरावा होईल."

ताईंनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. शेरा आला, 'मोठ्या माणसाने सांगितल्याने विधान खरे ठरत नाही.' सगळ्या मजल्याच्या सह्या आणल्या. 'बहुमत म्हणजे सत्य नव्हे.' शेवटी बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं, तर कक्षातल्या एकाने लगेच वहीत 'भावनेला आवाहन' अशी नोंद करून खाली दोन रेघा ओढल्या.

"मेल्या, तुझ्या आईचे गुडघे दुखत नाहीत का रे?" ताई कडाडल्या.

"व्यक्तिगत हल्ला!" त्याचा चेहरा उजळला. हा दोष त्याला अजून कुणाकडेच सापडला नव्हता.

तर्क एकदा चालू लागला की अर्ध्या वाटेवर थांबत नाही. ताई उभ्याने काम करतात. ताई माणूस आहेत. म्हणून माणसं उभ्याने काम करू शकतात. पहिल्या तारखेला अख्ख्या मजल्याच्या खुर्च्या गोदामात गेल्या. कक्षाच्या तेवढ्या राहिल्या, कारण विचार बसूनच होतो, हे स्वयंसिद्ध मानलं गेलं.

साहजिकच अर्जांचा ढीग पडला. कक्षात चौथी जागा निघाली आणि साहेबांनी मला विचारलं. अठरा दिवस उभ्याने टाइप करून माझी कंबर धरली होती. होकाराला फार विचार लागला नाही.

ताईंचा सातवा अर्ज माझ्याच टेबलावर आला. हाताने लिहिलेला. 'गुडघे सुजले आहेत. खुर्ची द्या.' ताई समोरच उभ्या होत्या, टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांचा भार टाकून.

"तू तरी समजून घे गं."

मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला, 'युक्तिवादाऐवजी ओळखीचा आधार घेतला आहे. नामंजूर.' माझं अक्षर तेव्हा फार वळणदार होतं.

याला चाळीस वर्षं झाली. 'उठून स्वतःची खुर्ची का दिली नाहीत?' असं तुम्ही विचाराल. तुमच्या युक्तिवादात मला एकही दोष सापडत नाही. फक्त तो तुम्ही आरामात बसून करताय. जरा मान वर करा. तुमच्या खोलीत उभं कोण आहे?