गफूरचाचांचे तारांकित प्रश्न

आमचे शेजारी गफूरचाचा भाजीवालीला मेथीचा भाव विचारत नाहीत. गाड्यासमोर उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "आजची मेथी कालचीच आहे, हे खरे आहे काय? असल्यास, तिच्यावर पाणी मारण्याची कारणे काय? नसल्यास, तिने मान का टाकली आहे?" भाजीवाल्या मालनबाईला आता याची सवय झाली आहे. पहिल्या प्रश्नाला ती 'न्हाय' म्हणते, दुसऱ्याला 'ऊन लई हाय' म्हणते आणि तिसऱ्याला उत्तर न देता जुडी पिशवीत टाकते.

ही भाषा चाचांनी विधानसभेतून आणली. म्हणजे चाचा आमदार होते, असं नाही. धाराशिवातल्या एका सरकारी कचेरीत ते मराठी टंकलेखक होते. अधिवेशन भरलं की आपल्या जिल्ह्याबद्दल कुठला ना कुठला आमदार प्रश्न विचारायचा, तो प्रश्न 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का कपाळी घेऊन कचेरीत यायचा, साहेब लोक घाम पुसत उत्तर तयार करायचे आणि चाचा ते टाइप करायचे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, त्यातली गत. निवृत्तीच्या वेळी जुना टाइपरायटर लिलावात निघाला, तो चाचांनीच उचलला. शमीमचाचींच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी घरात सवत आली.

चाची मात्र खमक्या आहेत. घरात त्या सरकार आहेत आणि चाचा सभागृह. चहात साखर कमी पडल्याचं खरं आहे काय, असं चाचांनी विचारलं की चाची आतूनच सांगतात, हे अंशतः खरे आहे. दुसऱ्या कपाची बाब त्या नेहमी विचाराधीन ठेवतात.

माझ्या थोरल्या मुलीच्या सोयरिकीला मी चाचांना बोलावलं आणि लगेच पस्तावलो. पाहुणे पोहे खात होते. चाचांनी बोटांनी टेबलावर ठोका दिला आणि मुलाच्या वडिलांना विचारलं की चिरंजिवांना पुण्यात नोकरी आहे, हे खरे आहे काय. असल्यास, ती कायम स्वरूपाची आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय? माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. पण मुलाचे वडीलही रिटायर्ड सरकारी माणूस निघाले. ते ताठ बसले, घसा साफ केला आणि एकेका मुद्द्याचं क्रमवार उत्तर दिलं. हुंड्याबाबत असा कोणताही प्रस्ताव नसल्याचंही त्यांनी आपण होऊन सभागृहाला सांगितलं. आमच्या भावकीत इतकी स्वच्छ बोलणी कधी झाली नव्हती.

इथवर ठीक होतं. शेजाऱ्याला एखादा छंद असावा, त्यात दोघांचा वेळ जातो. पण चाचांचा खरा छंद वेगळाच होता आणि मी कॉलेजात ग्रंथपाल असूनही मला त्याचं वर्गीकरण कधी करता आलं नाही. किनारपट्टीवरच्या एक आमदारबाई आहेत. बाईंचं नशीब असं की त्या ज्या बाजूला असतात ती बाजू हटकून विरोधी ठरते. तर या बाईंनी मच्छीमार आणि इंधनाचे दर या विषयांवर सभागृहात आजवर विचारलेला प्रत्येक प्रश्न, त्याचं उत्तर, उपप्रश्न आणि मधला गोंधळ, सगळं चाचांच्या चार जाडजूड फायलींत नाडीनं बांधून ठेवलेलं आहे. समुद्र इथून कुठल्या कुठं. चाचांनी तो पाहिलेला नाही. मासा तर त्यांना चालतच नाही, अंगावर पित्त उठतं.

चौकातल्या हॉटेलात लोक क्रिकेटचं बोलत असले की चाचा मधेच सांगत, काल बाईंनी डिझेलच्या परताव्यावरून मंत्र्यांना चांगलंच धरलं. कुठल्या मंत्र्यांना, कशाला, कुणी विचारायचं नाही. विचारलं तर चाचा पहिल्या टर्मपासून सुरू करत. मी एकदा विचारलं होतं. माझा चहा गार झाला, मग हॉटेलवाल्यानं दुसरा दिला, तोही गार झाला.

दर सोमवारी चाचा सायकलवरून पेट्रोल पंपावर जात आणि फलकावरचे भाव डायरीत उतरवून घेत. पंपावरच्या पोरांना वाटलं, तपासणीला आलेले साहेब आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मॅनेजर स्वतः नळीचं माप दाखवायला धावला. हा प्रकार दीड वर्ष चालला. शेवटी एका सोमवारी चाचांनी तिथंच सायकलीत हवा भरून मागितली आणि सगळं उघडं पडलं. खुर्ची मात्र आजही मिळते.

गंमत म्हणजे बाईंनाही चाचा लागत. एका निवडणुकीत विरोधकांनी विचारलं की बाईंनी कोळ्यांसाठी केलं काय? बाईंच्या ऑफिसातले जुने कागद पावसात भिजून लगदा झाले होते. बाईंच्या पीएला चाचांच्या दर महिन्याच्या पत्रांची आठवण झाली आणि फोन आमच्या गल्लीत आला. चाचा तीन दिवस फोनवर सांगत होते आणि तिकडं पीए लिहून घेत होता. समुद्राकाठी घरोघर वाटलेलं ते पत्रक आमच्या दुष्काळी जिल्ह्यातून गेलं होतं, हे तिथल्या कुणाला सांगून पटलं नसतं. बाई निवडून आल्या. चाचांनी गल्लीत पेढे वाटले आणि बाईंचं सरकार मात्र आलं नाही, याबद्दलही त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. सत्तेत बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही, असं त्यांचं मत होतं.

मागच्या अधिवेशनात चाचा एका दुपारी माझ्या ग्रंथालयात आले. हातात छापील प्रश्नांची यादी होती. आमच्याच जिल्ह्यातल्या माकणीच्या धरणातल्या मच्छीमारांचा प्रश्न बाईंनी यादीत आणला होता. मसुदा अर्थातच चाचांचा. या जलाशयात इंजिनाच्या होड्या चालत होत्या व इंधन परवडत नसल्याने त्या बंद पडल्या, हे खरे आहे काय. असल्यास, समुद्रातल्या मच्छीमारांसारखी सवलत यांना देणार काय? चाचा म्हणाले, उद्या माकणीला जायचं आहे, सर, तुम्ही येता का, तुमच्या मोबाईलला रेंज चांगली असते. मी आळशी माणूस आहे. पण चाचांनी त्या दिवशी हा एकच प्रश्न साध्या भाषेत विचारला होता, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीत, लोहाऱ्याच्या वाटेवर, चाचांनी मला ती गोष्ट सांगितली. चाचा मूळचे माकणीचे. निवृत्ती भोई त्यांचा शाळेतला मित्र. धरण झालं तसा निवृत्ती त्यात जाळं टाकू लागला, पुढं त्यानं होडीला एक छोटं इंजिन बसवलं. पलीकडच्या काठाला मासा मोठा मिळायचा, पण पेट्रोलचा भाव चढत गेला. त्या वेळी कुणीतरी बाईंच्या कानावर हे घातलं आणि परक्या मुलखातल्या त्या बाईंनी सभागृहात प्रश्न टाकला. तो फिरत फिरत चाचांच्याच कचेरीत आला. साहेबांनी उत्तर लिहिलं की या जलाशयात इंजिनाच्या होड्या नाहीत, सबब सवलतीचा प्रश्न उद्भवत नाही.

"आदल्याच रविवारी म्या त्या होडीत बसलो व्हतो, सर," चाचा म्हणाले. "साहेबांना म्हनलं, होडी हाय. साहेब म्हनले, शेख, तुमी टाइप करा. म्या केलं. तीन प्रती."

त्यानंतर वर्षभरात निवृत्तीनं इंजिन विकलं. तेव्हापासून होडी वल्ह्यावर. उजवा खांदा गेला, हात डोक्याच्या वर जात नाही. चाचा दर पंधरवड्याला माकणीला जात राहिले, पण ते उत्तर आपण टाइप केलं, हे त्यांनी मित्राला कधी सांगितलं नव्हतं. आता नवं उत्तर छापून आलं असेल. त्यात होडी आहे म्हणतात की नाही म्हणतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्या खुर्चीवर आता कोण बसतो, त्याला कुणी काय सांगितलं, अल्ला जाणे, असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला गेल्या आठ वर्षांत त्यांची केलेली सगळी चेष्टा आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

निवृत्तीअण्णा धरणाच्या काठी बाभळीखाली जाळं दुरुस्त करत बसले होते. आम्हाला बघून त्यांनी फक्त सरकून जागा दिली. मी मोबाईलवर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावलं आणि तो दगडाला टेकवून ठेवला. अकरा वाजता प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाचच मिनिटांत कसल्याशा वेगळ्याच कारणावरून विरोधी बाकांवर आरडाओरडा सुरू झाला. आयुष्यभर विरोधी पक्षाची बाजू घेणारे चाचा मोबाईलला हात जोडून म्हणत होते, बसा बाबांनो, आज बसा. कुणी बसलं नाही. विरोधकांनी सभात्याग केला आणि त्या रांगेत सगळ्यात शेवटी, दोनदा मागं वळून बघत, आमच्या बाईही बाहेर गेल्या. अण्णांनी विचारलं की ह्या बाई परसाकडला निघाल्या का? मला हसू आवरेना. चाचांना ते ऐकूही गेलं नाही.

प्रश्न पुकारला गेला, विचारणारं कुणी नव्हतं, तो मागं पडला. पण अशा प्रश्नांची उत्तरं छापून ठेवलेली असतात, हे चाचांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी पीएला फोन लावला. त्यानं फोटो पाठवतो म्हणून सांगितलं. मोबाईलवर ते पान अर्धवट उमटून गोल गोल फिरत राहिलं. मी तो हातात धरून काठावर इकडून तिकडं फिरत होतो, रेंज शोधत.

तेवढ्यात चाचा अण्णांसमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी ते सांगून टाकलं. पंधरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट दोन वाक्यांत संपली. अण्णांच्या हातातली सुई थांबली नाही.

"म्हायती हाय मला," अण्णा म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या सचिवानं कागद वाचून दावला तवाच कळलं. तुमच्या कचेरीत मराठी मशीन एकच व्हतं आन् ते तुझं."

"मंग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दातानं दोरा तोडला.

चष्मा काढून चाचा शर्टाच्या टोकानं पुसत बसले, पुसून झाल्यावरही पुसत बसले. मी पाण्याकडं तोंड करून उभा राहिलो, कारण अशा वेळी तिसऱ्या माणसाचं तिथं काही काम नसतं. तेवढ्यात मोबाईलवर पान पूर्ण उमटलं.

मी ते चाचांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि वाचलं. होय, माकणी येथील जलाशयात मच्छीमारांच्या इंजिनाच्या होड्या होत्या. इंधन परवडत नसल्याने त्या सध्या वल्ह्यांवर चालविण्यात येतात. सवलतीची बाब तपासण्यात येत आहे.

सवलतीचं ऐकून अण्णा हसले. तपासायला अजून लई दिवस लागतील आणि तोवर दोन्ही खांदे जातील, असं म्हणाले. मग एकाएकी त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"म्हंजे माझी होडी व्हती, असं सरकार म्हनलं?"

"व्हय," चाचा म्हणाले.

अण्णांनी काठावरच्या झोपडीकडं बघून बायकोला हाक मारली. सोजरबाई हात पुसत आल्या. त्यांच्या मागून शेजारच्या दोन होड्यांवरचे भोईही आले. अण्णांनी सगळ्यांना बाभळीखाली बसवलं, स्वतः डोक्याचा रुमाल नीट केला आणि चाचांना म्हणाले, "आता पयल्यापासनं वाच. सावकाश."

चाचांनी वाचायला सुरुवात केली. होड्यांपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी मोबाईल माझ्याकडं दिला. उरलेलं मी वाचलं, आणि मलाही ते एका दमात जमलं नाही.