गंजाखालचं एक अक्षर

"गंजलेलं असो नाहीतर मातीत पुरलेलं असो, शिलाई मशीनवरून मला फक्त एकदा हात फिरवू द्या! त्याचं गाव, त्याचा बाप आणि त्याचं जन्मसाल, तिन्ही सांगतो!"

लुधियान्यात भेटेल त्याला बचित्तरसिंग हे ऐकवायचे. उभी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात झालेली. पोतं बाहेरून बघून आत काय असेल ते सांगायची सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर ती सवय जाणार कुठं? मग त्यांनी जुनी मशीनं जमवायचा नाद धरला. गच्चीवर पत्र्याखाली ती अशी ओळीनं मांडलेली, जशी काही लढाईत मार खाऊन आलेली पलटण! कुणाचं चाक गेलेलं, कुणाचा पाय गेलेला, कुणाचं नुसतं मुंडकं उरलेलं. मिरच्या वाळवायला जागा मागून मागून बायको सतवंत कौर दमली.

बरं, अशी बढाई मारायला गाव तरी कुठलं? तर लुधियाना, जिथं गल्लोगल्ली मशीनचे भाग बनतात! आणि त्यातून बचित्तरसिंगांचे साडू, म्हणजे सतवंतच्या धाकट्या बहिणीचे यजमान, यांचं त्या भागांचंच दुकान. ह्या साडूंचं नाव निर्वैरसिंग. लग्नापासून आजतागायत ज्या एकाच माणसाशी बचित्तरसिंगांचं वैर होतं, त्याचं नाव निर्वैर! नाव ठेवताना आईबापांनी जरा चौकशी करायला काय हरकत होती?

त्या साली बचित्तरसिंगांची लेक अनूप पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जगरांवजवळच्या गावातून बचित्तरसिंगांच्या सासूबाईंचा फोन आला. सासूबाईंना सगळे बीजी म्हणायचे.

"पणतवंडाचं पहिलं अंगडं मी माझ्या मशीनवर शिवणार," बीजी म्हणाल्या. "दोन्ही लेकींची, सगळ्या नातवंडांची त्याच्यावरच शिवलीत. भुशाच्या कोठीत पडलंय बिचारं. जावईबापू, दोघं मिळून तेवढं चालू करून द्या."

दोघं मिळून! हे दोन शब्द बीजींनी वापरले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रविवारी दोन्ही जावई गावी हजर. भुसा उपसला, मशीनवर अंडी उबवत बसलेली कोंबडी उठवली, मशीन ओढून अंगणात आणलं. गंज इतका, की मशीन आहे की गोवऱ्यांचा ढीग, कळायला मार्ग नाही. बचित्तरसिंगांनी डोळे मिटले, मशीनवरून हात फिरवला आणि जाहीर केलं, "जर्मनी! पहिल्या महायुद्धाच्या आधीचं!"

निर्वैरसिंगांनी लस्सीचा पेला खाली ठेवला. थोरल्या साडूंना ते पंजाबी रीतीनं भाजी, म्हणजे भाऊ, म्हणायचे. "भाजी, लुधियान्याचं आहे हे. फार तर मी शाळेत होतो तेव्हाचं."

"कशावरून?"

"तुमचं जर्मनी कशावरून?"

"वजनावरून! हाताला कळतं हाताला!"

"हाताला कोंबडीची शीट लागलीय, भाजी. तीपण जर्मन का?"

सगळं अंगण हसलं. सतवंतसुद्धा हसली! तिथंच बचित्तरसिंगांचं डोकं तापलं. त्यांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि मशीनचा आडवा दांडा खसाखसा पुसायला घेतला. अन् काय सांगावं, सोनेरी इंग्रजी अक्षरं वर आली! पहिला जी. मग गंजाचं हे एवढं टेंगूळ. मग आर, एम, ए, एन. पुढचा रंग उडालेला.

"वाचा!" बचित्तरसिंग ओरडले. "वाचा आता! जर्मनी!"

निर्वैरसिंगांनी चष्मा लावला. "जी, टेंगूळ, आर, एम, ए, एन. भाजी, त्या टेंगळाखाली यू असेल तर? गुरमनजीत! गुरमनजीत अँड सन्स, लुधियाना!"

"असा कारखाना होता कधी?"

"नव्हता, हे सांगायला तुम्ही होतात का तिथं?"

झालं! दोन सुशिक्षित, नातवंडं होऊ घातलेले गृहस्थ एका अक्षरावरून एकमेकांच्या दाढीपर्यंत पोचले. टेंगळाखाली ई आहे की यू? बीजी पराठे लाटता लाटता आतून म्हणाल्या, "अक्षराचं काय ते करा, पण सुई खालीवर झाली पाहिजे!" ते कुणी ऐकलंच नाही. मशीन कुणी न्यायचं यावरून ओढाताण झाली, आणि तिच्यात हँडलसकट चाक निर्वैरसिंगांच्या हातात निखळून आलं. त्यांनी खाली वाकून खालच्या दोऱ्याचं शटलही काढून घेतलं आणि दोन्ही रुमालात बांधून बगलेत मारली.

"हे माझ्याकडं राहील. सगळंच भाजींकडं दिलं, तर उद्या स्वतःच रंगाचा डबा घेऊन जर्मनी लिहितील!"

अशी त्या मशीनची फाळणी झाली. धड एका घरी, चाक दुसऱ्या घरी. बचित्तरसिंग फोन करून चाक मागायचे, पलीकडून निर्वैरसिंग धड मागायचे. मग फोन बायकांच्या हातात गेले. त्या एकमेकींना नवऱ्यांचे निरोप सांगायच्या. सांगता सांगता त्यात स्वतःचेही चार शब्द घालू लागल्या, आणि बघता बघता सख्ख्या बहिणींनी एकमेकींकडं सरसोंचा साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, पाठवणं बंद केलं. पंजाबात याहून मोठा बहिष्कार नाही!

इकडं बचित्तरसिंग गच्चीवर भिंग घेऊन बसलेले. कापसाला तेल लावायचं, टेंगळाला टेकवायचं, वाट बघायची. अख्खं मशीन जाम, सुई तसूभर हलत नाही, पण त्यांचा जीव त्या एका अक्षरात!

"अहो, अक्षर सोडा, सुई हलतेय का बघा," सतवंत म्हणाली.

"आधी ओळख, मग उपचार! डॉक्टर काय करतो?"

"डॉक्टर रोग ओळखतो. पेशंटचं गाव विचारत नाही बसत!"

बचित्तरसिंग त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे रागानं ताटावरून उठले आणि नंतर उभ्यानं, डब्यातून जेवले.

आणि एका पहाटे अनूपच्या पोटात कळा सुरू झाल्या. सतवंत तिला घेऊन दवाखान्यात निघाली. बचित्तरसिंगही पगडी बांधून तयार झाले, तर तिनं दारातच अडवलं. "तुम्ही घरीच थांबा. तिथं येऊन पलंगांवरचा गंज तपासाल. बोलावलं की या."

स्वतःच्या नातवाच्या जन्माला बंदी! दुपारपर्यंत ते घरात येरझारा घालत राहिले, मग रागानं लाल होऊन जिना चढले आणि वर बघतात तर निर्वैरसिंग! शेजारच्या गच्चीवरून उतरले होते. एका हातात रुमालात बांधलेलं चाक, दुसऱ्या हातात तेजाबाची बाटली, आणि मशीनवर वाकलेले.

"चोर! दरोडेखोर!"

"भाजी, चाक परत द्यायला आलो होतो!"

"आणि बाटली कसली? चहा आणलाय का?"

"नुसता एक थेंब! एका थेंबात टेंगूळ साफ!"

"थेंब पडायच्या आत तुला खाली टाकीन!"

बचित्तरसिंगांनी बाटली धरली. निर्वैरसिंगांनी सोडली नाही. थेंब कसला, बदाबदा अर्धी बाटली दांड्यावर ओतली गेली! धूर निघाला, फस्स आवाज झाला. "पूस, पूस!" म्हणत दोघांनी हाताला लागेल ते घेतलं. साडूंच्या हाताला फडकं लागलं, बचित्तरसिंगांच्या हाताला घासकागद. दोघांनी जीव खाऊन घासलं. धूर विरला तेव्हा टेंगूळ गेलेलं होतं. आणि ई? की यू? तेही गेलं होतं! जी गेला, आर गेला, सगळी अक्षरं गेली! लखलखीत लोखंड उरलं होतं आणि त्यात दोन दाढीवाले आ वासून एकमेकांकडं बघत होते.

"खुनी!" बचित्तरसिंग म्हणाले.

"घासकागद कुणाच्या हातात आहे, भाजी?"

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सतवंत ओरडत होती, "मुलगा झाला! दोघं खुशाल आहेत! बीजींना फोनवर कळवलंय; मघाशीच बसनं निघाल्यात, पोचतीलच, मशीनवर अंगडं शिवूनच दवाखान्यात येणार म्हणतात. मशीन चालतंय ना हो?"

बचित्तरसिंगांनी फोन ठेवला. जिन्यात काठीचा आवाज येत होता.

बीजी वर आल्या. बगलेत पिशवी. त्यांनी मशीन बघितलं, चाक बघितलं, बाटली बघितली. आजवर त्यांनी जावयांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. जावई म्हणजे घरचा मानाचा पाहुणा. त्याच्या ताटात तूप आधी पडायचं. पण आता त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "बचित्तर, खाली बस. निर्वैर, तूपण बस. पोर जन्माला आलंय आणि अंगाला कापड नाही. जोडा!"

अरे-तुरे! बचित्तरसिंग लगेच मांडी घालून बसले. दोघांनी कुडत्यांच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या आणि कामाला लागले. रॉकेल ओतलं, तेल सोडलं, सुईच्या दांडीला गरम पाण्याच्या पट्ट्या दिल्या. "पाना दे." "डोळे आहेत ना? घ्या." "हळू फिरव!" "तुम्ही शिकवू नका, माझं दुकान आहे!" शिव्या आणि तेल, दोन्ही सारखंच वाहत होतं. हाताशी येईल त्या कापडाला हात पुसत होते. ऊन कलता कलता चाक बसलं, शटल बसलं, नवी सुई लागली. निर्वैरसिंगांनी हँडल फिरवलं. खट. खट. खटखटखट! सुई नाचायला लागली!

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण ते किती वेळ?

"ऐकलास आवाज?" बचित्तरसिंग म्हणाले. "जर्मन आवाज!"

"माझ्या दुकानातली सुई फट्‌दिशी बसली. लुधियाना!"

"अरे, जर्मनांचीच नक्कल केलीत तुम्ही! बसणारच!"

"माझं कापड कुठंय?" बीजींनी विचारलं.

"कुठलं कापड?"

"इथं खाटेवर ठेवलं होतं. यांचा जुना सदरा. पोराचं पहिलं अंगडं घरातल्या मोठ्या माणसाच्या वापरून मऊ झालेल्या कापडाचं करतात. इतकी वर्षं जपून ठेवला होता मी."

दोघांनी हळूच खाली बघितलं. दिवंगत सासऱ्यांचा मलमलीचा सदरा बचित्तरसिंगांच्या मांडीवर पडला होता. त्यावर चार तेलकट पंजांचे ठसे होते. गंज, रॉकेल, तेजाबाची भोकं.

बीजींनी पिशवीतून कात्री काढली. बचित्तरसिंगांना वाटलं, संपलं आता!

"बाह्या खाली सोडा," बीजी म्हणाल्या. "हात इकडं आणा. दोघांनीही."

साठी उलटलेल्या त्या दोन सरदारांनी शाळकरी पोरांसारखे हात पुढं केले. बीजींनी एकाची निळी बाही दुसऱ्याच्या बदामी बाहीवर ठेवली, दोन्ही सुईखाली सरकवल्या आणि हँडल फिरवलं. खटखटखट! हात आत, सुई वर, श्वास बंद!

"बीजी, बोट!" निर्वैरसिंग कळवळले.

"बोटाची काळजी आता? हलू नकोस!"

मग कात्री चालली. कोपरापासून दोन्ही बाह्या कचाकच उतरल्या. त्यांचं अंगडं होण्याइतकं कापड नव्हतं, म्हणून टोपडं झालं: अर्धं निळं, अर्धं बदामी. ते गरम पाण्यातून काढलं, इस्त्रीनं वाळवलं. कुडते बदलायला दोघं उठले, तर बीजी म्हणाल्या, "तसेच चला. लोकांना कळू दे काय जावई आहेत ते!"

दवाखान्याच्या दारात नर्सनं दोघांचे एकेक उघडे हात बघितले. "मारामारी झाली का बाबाजी?"

"शिलाई," बचित्तरसिंग दात खाऊन म्हणाले.

टोपडं घातलेला नातू त्यांच्या हातात दिला, तेव्हा मात्र दिवसभराचा राग कुठल्या कुठं गेला. पोर गाढ झोपलेलं. निर्वैरसिंगांनी पुढं होऊन टोपड्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि साडूंच्या कानात पुटपुटले, "लुधियाना."

ओरडावं तर पोर उठेल! बचित्तरसिंग आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात भांडले. "जर्मनी."

"लुधियाना!"

"जर्मनी!!"

पोरानं एक डोळा उघडला, दुसरा उघडला आणि असा भोंगा लावला, की शेजारच्या खोलीतली तीन पोरंही सामील झाली. नर्सनं पोर काढून घेतलं आणि दाराकडं बोट दाखवलं. दोघं एकेका बाहीनिशी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आतून रडणं ऐकू येतच होतं: खणखणीत, भरदार, एकाही ठिकाणी न अडकणारं.

"काय आवाज आहे!" निर्वैरसिंग म्हणाले. "भाजी, हा तरी अस्सल लुधियाना की नाही?"

आणि मंडळी, इथं मात्र बचित्तरसिंगांना काही केल्या जर्मनी म्हणता येईना!