दगाआप्पांची तीन तोंडांची गाडी

दगाआप्पांच्या गाडीत बसलं की पहिल्याच चौकात तीन जण रस्ता सांगायला लागतात, आणि त्यांतला एकही माणूस नसतो. आप्पा ब्रेकवर पाय ठेवतात, मान तिरपी करतात, तिघांचंही शांतपणे ऐकून घेतात आणि जाहीर करतात, "दोन विरुद्ध एक. डावीकडे!" मागे हॉर्नचा गदारोळ चाललेला असतो. आप्पांच्या मते बहुमताला थोडा वेळ लागतोच.

दगाआप्पा माझे शेजारी. गुजराती मुलखातल्या डिंडोलीत आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. आप्पा मूळचे अमळनेरकडचे. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, दगा. "नावात दगा आहे, ड्रायव्हिंगमध्ये नाही," असं ते गाडीत बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, आणि नवा माणूस सीटबेल्ट जरा घट्ट करतो. उधन्याच्या लूम कारखान्यात, म्हणजे यंत्रमागांवर, त्यांनी चव्वेचाळीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं. शंभर लूम एकदम खडखडत असताना कुठल्या लूमचं काय सैल झालंय, हे ते दारातून आत येता येता सांगायचे. निवृत्त झाल्यावर एका कापड व्यापाऱ्याची जुनी गाडी घेतली. तिच्यात रस्ता दाखवणारा पडदा कंपनीतूनच बसवलेला होता. आप्पांना गाडीपेक्षा तोच जास्त आवडला.

तर ही पहिली, त्या पडद्यातली बाई. झोकात इंग्रजी बोलते. तिच्यात 'घर' म्हणून व्यापाऱ्याचा तापीपलीकडचा बंगला भरून ठेवलेला आहे आणि आप्पांनी तो कधी बदलला नाही. त्यामुळे गाडी सुरू केली रे केली की ही बया तापीकडे निघते. आप्पा भाजीला निघालेले असोत की दवाखान्यात, ती म्हणते पुलावरून चला. आप्पांनी तिचं नाव ठेवलं माहेरवाशीण. "तिला ओढ आहे, प्रकाश. आपण समजून घ्यायला पाहिजे," असं मला गंभीरपणे सांगायचे. एकदा तर तिचं मन मोडवेना म्हणून खरंच तिच्या मागे गेले. बंगल्याच्या वॉचमनने गाडी ओळखून सवयीने सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. व्यापारी बनियनवर बाहेर आला. दोघांनी तासभर चहा-खमण केलं. येताना आप्पांनी डॅशबोर्डवर थोपटून म्हटलं, "झालं समाधान? आते चाल घर."

माहेरवाशीण शहरातले नवे रस्ते ओळखत नाही असं ध्यानात आल्यावर आप्पांनी बाजारातून दुसरा पडदा आणला, काचेला चिकटवायचा. तो हिंदी बोलतो. त्याचा आवाज जाडा आणि हुकमी, म्हणून तो शेठ. शेठलाही नवे उड्डाणपूल ठाऊक नाहीत. गाडी पुलावर चढली की शेठची समजूत होते आपण हवेत आहोत, आणि तो पुन्हा पुन्हा रस्त्यावर यायला सांगतो. शिवाय त्याचं रबर सैल आहे. खड्डा आला की शेठ काचेवरून सुटतो, गिअरवर आपटतो आणि सीटखाली जातो. तिथूनही बोलतच असतो. पायाखालून "दाएँ मुड़िए" असा घुमणारा आवाज आला की नवा माणूस पाय वर घेऊन बसतो.

तिसरा फोन. रबरबँडने वायपरच्या बटणाशेजारी बांधलेला, मराठी बोलणारा. "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळण घ्या," हे मराठी आप्पांना फार भारदस्त वाटतं. म्हणून तो मास्तर.

मी शंभरदा म्हटलं, "आप्पा, मास्तर एकटा पुरे आहे. ताजा नकाशा त्याच्याकडेच आहे. बाकीच्या दोघांना गप्प करा."

"आणि मास्तरची रेंज गेली तर?"

"तर पाट्या वाचायच्या. सगळीकडे लिहिलेलं असतं की!"

"तुले काय समजस?" म्हणून आप्पांनी गाडी सुरू केली, आणि माहेरवाशीण तापीकडे निघाली.

गेल्या हिवाळ्यात आप्पांचा जुना सोबती हिरालाल, त्याच्या मुलीचं लग्न होतं. कार्यालय पर्वत पाटियाकडे, म्हणजे आमच्यापासून चहा निवायच्या आत पोहोचावं इतकं जवळ. सुमनकाकू, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोला घेऊन रिक्षाने पुढे गेल्या. "मला लग्नाला पोहोचायचंय," एवढंच त्या म्हणाल्या. मी आप्पांबरोबर गाडीत, मांडीवर आहेराचा प्रेशर कुकर.

आप्पा मास्तरच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडले, "हिरालालच्या पोरीचं लगीन!"

मास्तरने आसपासची हिऱ्यांची सतरा दुकानं काढून दिली.

शेवटी मी कार्यालयाचं नाव सांगितलं आणि आम्ही निघालो. शेठ दोनदा सीटखाली गेला. माहेरवाशीण प्रत्येक चौकात तापी तापी करत होती. एका ठिकाणी तिघांची तीन मतं पडली तेव्हा आप्पांनी खिडकीतून एका उसाच्या रसवाल्याला चौथं मत द्यायला लावलं. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लावून आम्ही पोहोचलो, तर समोर दोन मांडव. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हीकडे सनई, दोन्हीकडे झेंडूच्या कमानी. शेठ म्हणाला बाएँ, मास्तर म्हणाला उजवीकडे.

माझ्या मांडीवर कुकर, वर सीटबेल्ट अडकलेला. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीच उतरून बोर्ड बघून या. भांडण मिटेल."

आप्पा उतरले. डाव्या कमानीवरच्या झेंडूतल्या अक्षरांसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले, चित्रांच्या प्रदर्शनात उभं राहावं तसे. मग परत येऊन म्हणाले, "हेच."

मी कुकर सांभाळत, खाली बघतच कमानीखालून आत गेलो, तर पंगत सुरूच होती. आम्ही भुकेले. उंधियू, पुरी, जिलेबी! "हिऱ्या सुधारला," आप्पा दुसऱ्यांदा उंधियू घेत म्हणाले. "मला वाटलं होतं वांग्याची भाजी अन् बट्टी घालेल." हात धुऊन आम्ही मंचावर गेलो. आप्पांनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, कुकर दिला आणि अहिराणीतून भलामोठा आशीर्वाद दिला. नवरी गोंधळून हसली. आप्पा तिला म्हणाले, "केवढीशी होतीस! माझ्या खांद्यावर बसून लूम बघायचीस."

शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, "काका, तमे कोना तरफथी?"

"हिरालालकडून!"

"कोण हिरालाल?"

आप्पांनी नवरीकडे नीट पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. फेटेवाले गृहस्थ मात्र पोट धरून हसायला लागले. ते नवरीचे वडील निघाले. त्यांनी कुकर परत देऊ केला. आप्पांनी दोन्ही हात मागे घेतले. "पोरीला दिलंय. आता ते तिचं," ते म्हणाले. मग त्या लोकांनी आम्हाला मिठाईचा डबा हातात देऊन फाटकापर्यंत सोडलं. तो डबा आम्ही समोरच्या मांडवात जाऊन हिरालालच्या मुलीला आहेर म्हणून दिला, आणि रीत म्हणून पुन्हा जेवलो. वांग्याची भाजी अन् बट्टीच होती.

हिरालालच्या मांडवात मी हा किस्सा पंगतीत रंगवून सांगितला. आप्पा कमानीसमोर कसे उभे होते, "हेच" कसं म्हणाले, सगळं साभिनय. "अहो, हाताएवढ्या अक्षरांत दुसऱ्याचं नाव लिहिलेलं, आणि आप्पांनी वाचलं काय?" लोक लोळायचे बाकी होते. आप्पा सगळ्यांत मोठ्याने हसत होते. फक्त सुमनकाकू हसल्या नाहीत. त्यांनी उठून आप्पांच्या पानात तूप वाढलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मला ते बघणं कळलं नाही.

परतताना अजून चांगलं ऊन होतं. बायका पुन्हा रिक्षाने गेल्या. गाडी चौकातल्या सिग्नलला थांबली तेव्हा आप्पा समोर बघत म्हणाले, "प्रकाश, मला वाचता येत नाही."

"गुजराती ना? त्यात काय, आमच्या सोसायटीत निम्म्यांना..."

"काहीच नाही. मराठी पण नाही. सही तेवढी येते, ती पण चित्रासारखी काढतो."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. आप्पांनी हळूच गाडी पुढे घेतली.

"सहा वर्षांचा होतो तेव्हा बकऱ्यांमागे धाडलं. चौदाव्या वर्षी काकाने इथं आणलं. लूमला काय, ऐकलं की समजतं. तिथं कोणी वाच म्हटलं नाही." गिअर बदलत म्हणाले, "तुझी काकू सकाळी पेपर वाचते ना मोठ्याने? तुम्हाला वाटतं तिला सवय आहे. ती मला ऐकवते. अडतीस वर्षं झाली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागू दिला नाही तिने."

मला पंगतीतला माझा अभिनय आठवला. "आप्पा, मी मघाशी..." एवढंच म्हणालो.

"अरे, किस्सा झकास सांगितलास," आप्पा म्हणाले. "हसू येणारच की. मला पण आलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. रस्त्याकडेला पाट्या मागे पळत होत्या. आणि मग, का कोण जाणे, मी मोठ्याने वाचायला लागलो. "साडी मार्केट. पंक्चर. दातांचा दवाखाना. येथे गाडी लावू नये." आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण गाडीचा वेग कमी झाला.

"हळू वाच," ते म्हणाले. "कुठलं कुठे लिहिलंय ते बघू दे."

मी बोट दाखवून वाचत गेलो. आमच्या रस्त्याला वळलो तिथे मोठी निळी पाटी होती. तिच्यासमोर आप्पांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"ही?"

"डिंडोली," मी म्हटलं.

आप्पा काचेतून वाकून त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग हवेत बोटाने एक गोल काढला, अर्धवट सोडला, पुन्हा काढला.

"एवढी वर्षं राहतो इथे," ते म्हणाले. "दिसायला अशी आहे होय!"